जुना मालट्रक बरा, की नवा?

मंडळी, मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आमच्या गावातले पाच शेतकरी पारावर बसले होते. गाव जुन्नर तालुक्यातले. पाचही जण टोमॅटो पिकवणारे. नारायणगावचा बाजार जवळ आहे. पण तिथे भाव पडला, की माल माळशेज घाट उतरून कल्याणला न्यावा लागतो. दर वेळी भाड्याची गाडी बघावी लागते. गाडीवाला आला नाही, तर माल बांधावरच पिकतो आणि सडतो. म्हणून पाच जणांनी ठरवले, की वर्गणी काढून आपलीच गाडी घ्यायची.

गाडी घ्यायची हे ठरले. पण कोणती घ्यायची, यावर वाद सुरू झाला.

एक जण म्हणाला, "जुना ट्रक स्वस्तात मिळतोय. पत्रा बघा कसा जाडजूड! घण मारला तरी वाकायचा नाही. आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे."

दुसरा म्हणाला, "अरे, नवी घेऊ. हप्त्याने मिळते. सुकाणू एका बोटाने फिरते. जुन्या ट्रकाशी कोण कुस्ती खेळणार?"

वाद मिटेना. शेवटी आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा."

आता आम्ही काही मेकॅनिक नव्हे. आमचा जन्म शाळेत गेला. पण आमचा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. गावातल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी तीस वर्षे ट्रक चालवला. आम्ही दोघांनाही बोलावले, चहा पाजला आणि विचारून विचारून सगळे समजून घेतले. जे समजले, ते इथे लिहीत आहोत.

लांब नाकाचा ट्रक

आधी थोडा इतिहास पाहू. टाटांची टेल्को ही कंपनी १९४५ साली निघाली. आरंभी ती रेल्वेची इंजिने बनवीत असे. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या मदतीने तिने जमशेदपूरला मालट्रक बनवायला सुरुवात केली. ही भागीदारी १९६९ पर्यंत चालली.

त्या काळच्या ट्रकांचे नाक लांब असे. म्हणजे इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागे. आमच्या लहानपणी कांद्याच्या हंगामात असा ट्रक गावात आला, की आम्ही पोरे शाळा सोडून बघायला पळत असू. पुष्कळदा कारखान्यातून नुसता सांगाडा मिळे. त्याला चेसिस म्हणतात. मग त्यावर सुतार आणि लोहार मिळून लाकडाची केबिन आणि हौदा बांधीत.

पुढे १९८६ साली ४०७ नावाचा हलका ट्रक आला. आपल्याकडे लोक त्याला 'चारशे सात' म्हणतात. २००५ साली त्याहून लहान गाडी आली. कंपनीने तिचे नाव एस ठेवले, पण लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि तेच नाव रुळले. तिचे इंजिन दोनच सिलिंडरचे, ताकद सुमारे १६ घोड्यांची, आणि ओझे सुमारे ७५० किलो. म्हणजे साडेसात क्विंटल. लहान शेतकऱ्याला पुरेल अशी ती गाडी होती.

जुने ते सोने, हे खरे का?

आता मुद्द्यावर येऊ. जुना ट्रक जास्त टिकतो, असे लोक म्हणतात. हे खरे का?

काही अंशी खरे आहे. जुन्या ट्रकाची चेसिस जाड, पाटे जाड, इंजिन जड आणि संथ. त्यात विजेचे काम फार थोडे. डिझेल इंजिनात सोडणारा पंप साधा, यंत्राच्या दट्ट्यांवर चालणारा. काही बिघडले तर रस्त्याकडेला बसून पाना-हातोडीने दुरुस्ती होई. डिझेलमध्ये थोडा गाळ असला, तरी इंजिन कुरकुरत का होईना, पण चाले.

पण इथे एक चूक आपण सगळेच करतो. गावात नव्वद वर्षांची एखादी आजी असते. तिला पाहून आपण म्हणतो, "जुन्या माणसांची हाडं बळकट!" पण त्या आजीच्या बरोबरीची किती मुले देवीने, पटकीने लहानपणीच गेली, ते आपल्याला दिसत नाही. उरली ती एक आजी. ती बळकट होती, म्हणूनच उरली.

ट्रकांचेही तसेच आहे. तीस वर्षांचा एखादा ट्रक आज रस्त्यावर दिसतो. त्याच्याबरोबर कारखान्यातून निघालेले बाकीचे ट्रक केव्हाच भंगारात गेले. ते आपल्याला दिसत नाहीत. म्हणून एका ट्रकावरून सगळ्या जुन्या ट्रकांची पारख करू नये.

आणि दुसरे असे. जाड पत्रा म्हणजे जास्त सुरक्षा, असे नव्हे. लाकडी केबिन टकरीत फुटते, आणि तिच्या फळ्या माणसाच्या अंगात घुसतात. आता केबिन कारखान्यातच बनते. ती टकरीत किती टिकते, याची चाचणी होते. ड्रायव्हरसाठी पट्टा असतो. तो पट्टा बांधला तर.

हाताचे काम आणि पायाचे काम

आता गाडी हाकण्याविषयी. आमचे ड्रायव्हर गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, माझे हे खांदे बघा. जुन्या ट्रकाने खाल्ले."

जुन्या ट्रकाचे सुकाणू मोठे आणि जड असे. भरलेली गाडी जागच्या जागी वळवायची, तर उभे राहून ताकद लावावी लागे. गिअर बदलायचा, तर क्लच दोनदा दाबावा लागे. वेळ चुकली, की गिअर कर्र करून ओरडे. केबिनमध्ये इंजिनाची धग आणि आवाज. रात्रभर गाडी चालवून माणूस सकाळी उतरला, की कानात घूं घूं चाले. थकलेल्या माणसाला डुलकी लागते. पुष्कळ अपघात गाडीच्या दोषाने होत नाहीत, ड्रायव्हरच्या थकव्याने होतात.

नव्या गाडीत सुकाणूला यंत्राचा हातभार असतो. त्याला पॉवर स्टिअरिंग म्हणतात. गिअर लोण्यासारखा पडतो. ब्रेकलाही यंत्राची मदत असते. अनेक गाड्यांत एबीएस नावाची सोय असते. जोरात ब्रेक दाबला, की चाक एकदम अडकते आणि गाडी घसरते, हे तुम्ही पावसात पाहिले असेल. एबीएस चाकाला पुरते अडकू देत नाही. चाक जरा सोडते, पुन्हा धरते. असे ते एका सेकंदात कितीतरी वेळा करते. म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते.

पण या सोयींमुळे एक नवा धोका आला आहे. गाडी हलकी वाटते, आवाज येत नाही, म्हणून वेग कळत नाही. हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर म्हैस आडवी आली. आपल्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागायला तिथून पुढे सुरुवात होते. आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेकवर येणारे काम दुप्पट होत नाही, चौपट होते. हे ध्यानात ठेवा.

घाट उतरताना

इथे आमचे ड्रायव्हर गृहस्थ जरा गप्प झाले. मग त्यांनी आपली एक गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ट्रक जुना, मागे कांद्याच्या गोण्या, आणि पुढे घाटाचा उतार. डिझेल वाचावे म्हणून त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. मालकच तसे सांगत असे. गाडी धावू लागली. ते ब्रेक दाबत राहिले. ब्रेक तापले. जळका वास आला. चौथ्या वळणावर पाय थेट खालपर्यंत गेला, आणि ब्रेक लागलाच नाही. त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली. दरीच्या बाजूला घातली असती, तर गोष्ट सांगायला ते उरले नसते.

"मी वाचलो," ते म्हणाले. "पण माझा क्लीनर पोरगा होता, सतरा वर्षांचा. त्याचा पाय गेला. किती डिझेल वाचलं असेल, गुरुजी? दोन लिटर?"

पारावर कुणीच काही बोलले नाही.

हे कसे झाले ते समजून घ्या. ब्रेक म्हणजे घासणे. घासले की उष्णता होते. सतत घासले की ब्रेकचे पट्टे तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ब्रेकमध्ये तेल असते. ते जुने झाले, की त्यात हवेतले पाणी मुरते. फार तापले, की ते पाणी उकळते आणि त्याची वाफ होते. वाफ दाबली की दबते. म्हणून पाय खाली जातो, पण चाकावर जोर पोहोचत नाही.

यावर उपाय जुनाच आहे. ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ब्रेक अधूनमधून लावावा लागतो, आणि तो थंड राहतो.

आणि डिझेल? गाडी गिअरात असून उतारावर पाय उचललेला असेल, तर चाकेच इंजिन फिरवतात. तेव्हा इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे न्यूट्रलमध्ये काही वाचत नाही. जीव मात्र जातो.

काही जण त्याही पुढे जातात. उतारावर इंजिनच बंद करतात. ही खोड जुन्या ट्रकांपासून चालत आलेली आहे. जुन्या गाडीत ती वाईट होती, नव्या गाडीत तर घातकच आहे. कारण नव्या गाडीचे सुकाणू आणि ब्रेक यांना मदत मिळते ती चालू इंजिनाकडून. इंजिन बंद झाले, की सुकाणू दगडासारखे जड होते. ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर कडक होतो. किल्ली काढली, तर कित्येक गाड्यांत सुकाणूला कुलूपच पडते. म्हणून जुन्या गाडीच्या सवयी नव्या गाडीत नेऊ नका.

नवी गाडी नाजूक कुठे?

आता गॅरेजवाल्या आमच्या विद्यार्थ्याचे ऐका. तो म्हणाला, "गुरुजी, जुनी गाडी बैलासारखी. कडबा टाका, पेंड टाका, खाते. नवी गाडी दुभत्या संकरित गाईसारखी. दूध जास्त देते, पण तिचं खाणंपिणं सांभाळावं लागतं."

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ नावाचा नियम लागू झाला. गाडीच्या धुरातून काजळी आणि विषारी वायू कमी जावेत, यासाठी हा नियम आहे. काळा धूर फुप्फुसात जातो, हे आपण जाणतोच. नियम आपल्याच पोराबाळांच्या भल्याचा आहे. पण त्यामुळे गाडीची बनावट बदलली.

पहिली गोष्ट डिझेलची. नव्या इंजिनात डिझेल फार मोठ्या दाबाने फवारतात. हा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून जास्त असतो. फवाऱ्याची छिद्रे अतिशय बारीक असतात. डिझेलमध्ये पाणी किंवा गाळ असला, तर हे फवारे खराब होतात, आणि ते महाग असतात. म्हणून गंजक्या डब्यातले डिझेल नव्या गाडीत ओतू नये. फिल्टर वेळेवर बदलावा.

दुसरी गोष्ट जाळीची. धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब आणि बऱ्या वेगाने चालली, की ती काजळी आपोआप जळून जाते. पण गाडी रोज नुसती शेतातून घरी आणि घरून शेतात फिरवली, तर जाळी तुंबते. तशी वेळ आली की गाडीत दिवा लागतो. तो पाहिला, की माहिती पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी थोडा वेळ मोठ्या रस्त्याने चालवावी.

तिसरी गोष्ट युरियाची. मोठ्या नव्या ट्रकांत डिझेलच्या टाकीशेजारी दुसरी लहान टाकी असते. तिच्यात युरियाचे पाणी घालतात. त्यात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. या पाण्याने धुरातला विषारी वायू निरुपद्रवी होतो. आता कुणी म्हणेल, युरिया तर आपल्या घरातच आहे! कालवला पाण्यात आणि ओतला! असे चुकूनही करू नका. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तसा लेप २०१५ पासून सक्तीचा आहे. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. तेल आणि क्षार आत गेले, की ती सगळी यंत्रणा चोंदते. शंभर रुपये वाचवायला जावे आणि हजारो भरावे, असे होते.

चौथी गोष्ट दिव्यांची. नव्या गाडीत काही बिघडले, की समोर तांबडा किंवा पिवळा दिवा लागतो. काही ड्रायव्हर त्यावर चिकटपट्टी लावतात! दिवा झाकला म्हणून रोग बरा होत नाही. शेजारच्या गावातल्या एकाने असेच केले. गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली. बिघाड एका वायरीचा होता. पण तो शोधायला संगणक लागतो, आणि तो जवळ कुणाकडे नव्हता. दोन दिवस गाडी तिथेच उभी. मागे टोमॅटो. बाकी तुम्हीच ओळखा.

म्हणून नवी गाडी घेण्याआधी एक प्रश्न विचारा. ही गाडी दुरुस्त करणारा आपल्यापासून किती लांब आहे?

गाडी मारते कोण?

आम्ही आमच्या विद्यार्थ्याला विचारले, "तुझ्याकडे गाड्या येतात त्या कशाने मोडतात? जुनेपणाने?"

तो म्हणाला, "जास्त ओझ्याने, गुरुजी. नवी असो, जुनी असो."

पुष्कळ जण गाडी घेतली की आधी पाटे वाढवतात. त्यांना वाटते, पाटे वाढले की ताकद वाढली. पण पाटा म्हणजे नुसती गाडीची कमान. पाटे वाढवले म्हणून आस मोठा होत नाही. ब्रेक मोठे होत नाहीत. टायर मोठे होत नाहीत. गाडी खाली बसलेली दिसत नाही, एवढेच. आणि दिसत नाही म्हणून आपण आणखी भरतो.

मग किती भरायचे? हे गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. दोन आकडे शोधा. एक रिकाम्या गाडीचे वजन. दुसरे भरलेल्या गाडीचे वजन. वजाबाकी करा. समजा, भरलेले वजन २९५० किलो आणि रिकामे वजन १७५० किलो. उरले १२०० किलो. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस यांचे १३० किलो वजा करा. उरले १०७० किलो. टोमॅटोचा एक भरलेला क्रेट २२ किलोचा धरा. मग ४८ क्रेटचे १०५६ किलो होतात. म्हणजे ४८ क्रेट भरावे. एकूणपन्नासावा भरू नये.

जुनी गाडी घेताच, तर

जुनी गाडी घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. पैसा थोडा असेल, तर जुनीच घ्यावी लागते. पण पाहून घ्यावी.

एक. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. चेसिसला कुठे जोड किंवा तडा आहे का ते पाहा. नव्या रंगाखाली गंज लपतो.

दोन. टायरवर चार इंग्रजी अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली, तरी फार जुने रबर कडक होते आणि फुटते.

तीन. कागद वाचा. माल वाहणाऱ्या गाडीला योग्यतेचा दाखला लागतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन-दोन वर्षांनी घ्यायचा, पुढे दर वर्षी. पंधरा वर्षांनंतर त्याची फी पुष्कळ वाढते. स्वस्त गाडी मग स्वस्त राहत नाही.

चार. गाडी भरून चालवून पाहा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते.

शेवटी काय झाले?

पाच जणांनी सगळे ऐकले. मग जुना ट्रकही घेतला नाही आणि कोरी गाडीही घेतली नाही. चार वर्षे वापरलेली एक पिकअप घेतली. आमच्या विद्यार्थ्याने ती आधी खालीवर तपासली. तिचे दुरुस्तीचे दुकान नारायणगावातच आहे. ब्रेकचे तेल, फिल्टर आणि दोन टायर पहिल्याच दिवशी बदलले.

पाचांपैकी एक जण आमच्या रात्रीच्या वर्गात गेल्याच वर्षी लिहायला शिकले. वय पन्नाशीच्या पुढचे. त्यांनी नोंदणी पुस्तकातले आकडे स्वतः वाचले. वर दिलेली वजाबाकी त्यांचीच. मग रंगाचा डबा आणला आणि गाडीच्या मागच्या फळीवर आतल्या बाजूने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले : "४८ क्रेट. बास."

पुढे एकदा कल्याणला भाव चांगला निघाला. चौघे म्हणाले, "आज साठ भरू. एक दिवसाने काय होतंय?" त्यांनी काही वाद घातला नाही. नुसते फळीकडे बोट दाखवले. बारा क्रेट खाली उतरले, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

तेव्हा मंडळी, गाडी जुनी की नवी, हा प्रश्न दुसरा. तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचणारा आणि वाचून तसे वागणारा माणूस घरात आहे की नाही, हा प्रश्न पहिला.